चवथीचे ते चार दिवस

फोंडा, रविवार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

पुढेमागे मूल हवं झालं तर असावीत म्हणून तू तुझी अंडी काढून गोठवून ठेवणार म्हणालीस, त्यावर परवा फोनवर मी बोलले ते तुला लागलं. तू "बरं, ठेवते" म्हणालीस त्यातच कळलं. "अंडी गोठवायची तर कोंबड्या पाळ" हे मी हसण्यावारी न्यायला म्हणाले, पण ते माझं मलाच हसू आलं नाही. रात्रभर झोप नाही. म्हणून हे पत्र. फोनवर मला हे जमणार नाही, तू मध्येच "आई, पुढे बोल" म्हणशील आणि मी भाजीवर येईन.

तू अकरा वर्षांची होतीस त्या वर्षीची चवथ आठवते तुला? मी मागच्या पडवीत चटईवर बसून होते आणि तू माझं ताट घेऊन आलीस. ताटात दोन मोदक, एक नेवरी आणि खतखतं, केळीच्या पानाच्या तुकड्यावर. तू विचारलंस, "आई, तू दर वर्षी चवथीलाच कशी बाहेर बसतेस?" दर वर्षी नव्हे, दोनदाच बसले होते. पण त्या वर्षी मी बाहेर बसले ते खोटं होतं.

माझी पाळी तोवर जाऊन पाच महिने झाले होते. वय एकेचाळीस. आधी दोन-तीन महिने चुकली, मग एकदा आली, मग आलीच नाही. डॉक्टरांकडे गेले तर "वय झालं" एवढंच उत्तर मिळालं, तपासणी नाही, काही नाही. एकेचाळिसाव्या वर्षी कसलं वय झालं? पण तेव्हा उलट विचारायची माझी छाती नव्हती. तुझ्या आजीला कळलं तर ती काय म्हणेल याचीच धास्ती. एका मुलीवर थांबलो यावरून ती आधीच टोचून बोलत असे. मग मी काय केलं, तर कॅलेंडरवर दर महिन्याला लाल खुणा करत राहिले आणि हिशेबाने चार दिवस बाजूला बसत राहिले. शाळेत हजेरीपट सांभाळणारी मास्तरीण मी, खोटी हजेरी लावायला मला अवघड नव्हतं. आणि त्या हिशेबात नेमकी चवथ आली! गणपतीच्या डोक्यावर फळा-भाज्यांची माटोळी बांधताना कवंडळं कुठे, आंबाडे कुठे, हे मला पडवीतून ओरडून सांगावं लागत होतं. नारळाची पेंड तुझ्या काकीनं उलटी बांधली, ती मी लांबून बघत होते. एक महिना खुणा पुढे ढकलल्या असत्या तरी चाललं असतं. पण खोटं एकदा नीट लावलं की त्याची घडी मोडवत नाही.

पुढच्या वर्षी तुझी पाळी सुरू झाली. तुला सगळं समजावलं, माझं मात्र सांगितलं नाही. तुझी मावशीही त्रेचाळिसाव्या वर्षी मोकळी झाली, हेही नाही सांगितलं. आम्ही दोघी बहिणी त्याविषयी एकमेकींशीसुद्धा कधी बोललो नाही. मागच्या बुधवारी पहिल्यांदा बोललो, आणि अर्धा तास नुसत्या हसत होतो.

हे सगळं आता का सांगते, ते ऐक. मी इथल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आले. वही घेऊन गेले होते. त्यांना म्हटलं, माझी मुलगी बत्तीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते, तिला अंडी गोठवून ठेवायची आहेत, मला समजावून सांगा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमची पाळी केव्हा गेली?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे तिला माहीत आहे?" पाळी लवकर जाणं पुष्कळदा आईकडून मुलीकडे येतं. येतंच असं नाही, पण डॉक्टरांना ते कळायला हवं. तू तुझ्या डॉक्टरांना "घरात तसं काही नाही" असं लिहून दिलं असशील, तर ते आजच्या आज बदल. आई एकेचाळीस, मावशी त्रेचाळीस, असं लिही.

बाकी त्यांनी सांगितलं त्यातलं मला उमगलं तेवढं लिहिते. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या पोटात दहा ते वीस लाख अंडी असतात. वयात येईतो तीन-चार लाख उरतात, आणि जन्मभरात पक्व होऊन सुटतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आपसूक विरून जातात, गोळ्या घ्या नाहीतर उपास करा. एएमएच नावाची रक्ताची तपासणी आणि पाळीच्या सुरुवातीची सोनोग्राफी यांवरून औषध दिल्यावर किती अंडी मिळतील याचा अंदाज येतो. एएमएच कमी आला म्हणजे मूल होणारच नाही असं नव्हे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. आणि अंड्यांचा कस त्यावरून कळत नाही, तो वयावर जातो. पस्तिशीच्या आत बरा.

मग दहा-बारा दिवस पोटावर इंजेक्शनं. ती तुझी तुलाच टोचायची. दोन-तीन दिवसांआड सोनोग्राफी. शेवटचं इंजेक्शन अगदी घड्याळ लावून, कारण त्यानंतर चौतीस ते छत्तीस तासांत अंडी काढतात. गुंगी देऊन, योनिमार्गातून सुई घालून, वीस-एक मिनिटांत. पोट फुगणं, जड वाटणं हे होतंच. पण वजन भराभर वाढलं, धाप लागली, लघवी कमी झाली, तर "बघू उद्या" करायचं नाही, तडक हॉस्पिटल. तुझी "बघू उद्या"ची सवय मला ठाऊक आहे.

आणि मग उणे 196 अंशांवर, द्रव नायट्रोजनमध्ये. अंड्यात पाणी फार, त्यामुळे पूर्वी सावकाश गोठवायचे तेव्हा आत बर्फाचे स्फटिक होऊन ते फुटायचं. आता इतकं झटकन गोठवतात की स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. गंमत बघ, 1986 साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं, तेव्हा माझी आई पेपर वाचून "देवा नारायणा" म्हणाली होती. गोठवलेल्या अंड्यापासूनचं पहिलं बाळ ऑस्ट्रेलियात जन्मलं तेही त्याच वर्षी. तरी अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेनं यावरचा "प्रायोगिक" हा शिक्का काढला तो 2012 साली. म्हणजे मी परवा चरकले त्यात अगदीच खुळेपणा नव्हता.

मी बाईंना शहाणपणानं म्हटलं, "म्हणजे हे पुरुमेंतच की! पावसाळ्याआधी सोलं, सुकी मासळी, खारातली तोरं भरून ठेवतो तसं." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुरुमेंत पावसात खायला मिळतंच. यातलं मिळेलच असं नाही." बाहेर काढल्यावर सगळी अंडी टिकत नाहीत, टिकलेली सगळी फळत नाहीत, फळलेली सगळी रुजत नाहीत. दहा-पंधरा अंडी हाती लागली तर आशा धरता येते, तेवढी एका खेपेत मिळतीलच असं नाही. आणि अंडं बत्तिशीचं राहिलं तरी गर्भ वाढवणारं शरीर तुझं त्या वेळच्या वयाचंच असणार. रक्तदाब, साखर, सगळं आलं. हे तुझ्या त्या क्लिनिकच्या गुळगुळीत कागदावर किती मोठ्या अक्षरात आहे ते बघ जरा.

2021 च्या कायद्याप्रमाणे एकवीस वर्षांवरच्या बाईला लग्न न करताही हे करता येतं, क्लिनिक मात्र नोंदणीचं हवं. साठवणुकीला कायद्यात दहा वर्षांची मर्यादा आहे, तुझ्या बाबतीत ती कशी मोजतात ते लेखी घे. तू म्हणालीस त्या आकड्यात इंजेक्शनं धरली आहेत का, आणि दर वर्षीचं भाडं किती, तेही विचार. पैशांचं म्हणशील तर तुझ्या लग्नासाठी म्हणून मी एक एफडी ठेवली आहे. ती मोडते. लग्न ठरलं तर देवळात करू, मला तसंही ते तीनशे पानांचं जेवण नकोच होतं.

एक मात्र आहे. हे तू माझ्यासाठी करू नकोस. नातवंडाचं नाव मी काढलं होतं, मे महिन्यात, मानकुराद आंबे चिरताना, ते परत घेते. आणि तपासण्या झाल्यावर "नको" वाटलं तर नको. मूल नकोच असं वाटलं तरी मला सांग, लाल खुणा करत बसू नकोस.

अंडी काढतील त्या दिवशी गुंगी असते म्हणून घरी न्यायला सोबत मोठं माणूस लागतं म्हणे. मी कदंबाच्या बसनं आदल्या दिवशी येते, तुझ्या मैत्रिणीला रजा काढायला लावू नकोस. फॉर्मवर माझं नाव लिही. तारीख कळली की फोन कर, दुपारी दोननंतर, तोवर मी देवळात असते.

तुझी,
आई