खाणीच्या ढिगाऱ्यावर गवत हवेच, पण रोपांच्या आळ्यात नको

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री, नवी दिल्ली

महोदय,

सर्वोच्च न्यायालयाच्या ८ जानेवारी २०२० च्या आदेशानंतर आपल्या मंत्रालयाने खाणपट्ट्यांना अट घातली की, काम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत लावावे. अट योग्यच आहे. मात्र वृक्षारोपणाच्या जागीही तेच दाट गवत पेरले जाते आणि रोपे त्यात मरतात.

अमेरिकेच्या ॲपलाचियन कोळसापट्ट्यात हे घडून गेले आहे. खाणीची जमीन पूर्ववत करण्याच्या १९७७ च्या कायद्यानंतर ढिगारे डोझरने दाबून सपाट केले गेले, त्यावर उंच फेस्क्यू गवत व सेरिसिया लेस्पेडेझा ही शेंगवर्गीय वनस्पती पेरून वर भरपूर नत्र दिले गेले. उतार हिरवे झाले, पाइनची रोपे खुरटली. घट्ट मातीत मुळे खोल जाईनात आणि वरच्या थरातले पाणी गवत आधी ओढून घेई. पाइनला पूर्ण ऊन लागते. वीतभर रोप गवताखाली दडपले की खालच्या फांद्या वाळतात. शिवाय दाट गवतात उंदरांना आसरा मिळतो. ते बुंध्याची साल सभोवार कुरतडतात, मग रोप वाचत नाही. तिथल्या वनतज्ज्ञांनी पुढे पद्धतच बदलली: सुमारे १.२ मीटर भुसभुशीत थर, बेताचे नत्र आणि बर्ड्सफूट ट्रेफॉइल या शेंगवर्गीय वनस्पतीसारखे सावकाश वाढणारे आच्छादन. पहिल्या वर्षी जमीन थोडी उघडी दिसते, ती दिसू द्यावी.

चंद्रपूर-वणीच्या ओबी डम्पवर, म्हणजे कोळशावरची दगड-माती काढून टाकलेल्या ढिगाऱ्यांवर, पाइन नाही, साग-बांबू आहे, भांडण तेच. दीनानाथ गवत एका पावसाळ्यात छातीला लागते, ऑक्टोबरनंतरची उरलीसुरली ओल पिऊन टाकते आणि उन्हाळ्यात वाळून पेटते. स्टायलो ही चाऱ्याची शेंगवर्गीय वनस्पती त्या मानाने बुटकी, पण बुंध्याशी पेरली तर तीही रोपाच्या वाटणीचे पाणी खाते.

म्हणून अटीत एवढी दुरुस्ती करावी. तीव्र उतारावर गवत आधी, कारण तिथे माती वाहून जाण्याचा धोका मोठा. सपाट माथ्यावर व पायऱ्यांवर रोपे आधी. गवत दुसऱ्या पावसाळ्यात, तेही ओळींच्या मधल्या पट्ट्यात. प्रत्येक रोपाभोवती एक मीटर त्रिज्येचे आळे मोकळे असावे. निंदणी ऑगस्टमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरअखेर, पाऊस परतण्याआधी. युरिया फोकून टाकू नये; तो गवतच खाते.

आणि तपासणीत हिरवळीची टक्केवारी न मोजता जिवंत रोपे मोजावीत, तीही मे महिन्यात. ऑगस्टमध्ये सगळेच डम्प हिरवे असतात.

आपले,
खाणपट्ट्यात रोपवनाचे काम करणारे काही जण, चंद्रपूर