चेंज-अप म्हणजे नुसता हळू चेंडू नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडापानावर गेल्या आठवड्यात बेसबॉलविषयी जो मजकूर आला, त्यात ‘चेंज-अप’चे (पिचरच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाच्या, एका फसव्या चेंडूचे) वर्णन ‘पिचर हात आखडता घेऊन मुद्दाम हळू फेकतो तो चेंडू’ असे केले होते. क्रिकेटखेरीज एखाद्या खेळाला इतकी जागा मिळाल्याचा आनंद आहेच. पण चेंज-अप टाकताना जी एक गोष्ट कदापि करायची नसते, नेमकी तीच या वाक्यात सांगितली गेली आहे. नाशिकमध्ये अनेक वर्षे शाळकरी मुलांना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवताना मी हीच चूक पुन्हा पुन्हा दुरुस्त केली असल्याने हे पत्र लिहीत आहे.

चेंज-अपमध्ये हाताचा वेग अजिबात कमी होत नाही. पाय उचलण्यापासून चेंडू सुटेपर्यंतची सारी हालचाल वेगवान चेंडूसारखीच असावी लागते. वेग कमी होतो तो पकडीमुळे. वेगवान चेंडू तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांशी धरतात व सुटताना ही बोटे त्याला शेवटचा जोर देतात. चेंज-अपसाठी तोच चेंडू तळहाताकडे आत सरकवून मधल्या बोटावर आणि अनामिकेवर टेकवतात. यातला सर्वांत प्रचलित प्रकार ‘सर्कल चेंज’. त्यात अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ चेंडूच्या बाजूला होते आणि ताकदवान तर्जनी जणू कामावरून दूर केली जाते. परिणामी हात तेवढ्याच त्वेषाने येतो, पण चेंडूला मिळणारा वेग ताशी १३ ते १९ किलोमीटरने कमी भरतो.

एवढ्याशा फरकाने काय साधते, असे क्रिकेट पाहणाऱ्याला वाटू शकेल. पिचरच्या पायाखालची पट्टी आणि फलंदाजासमोरची ‘होम प्लेट’ यांत १८.४४ मीटर अंतर असते आणि पिचर पुढे झेपावून चेंडू सोडत असल्यामुळे प्रत्यक्ष प्रवास त्याहूनही कमी उरतो. ताशी १५० किलोमीटरचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोचतो, आणि बॅट फिरवायची की नाही हे फलंदाजाला चेंडू निम्म्या वाटेत असतानाच ठरवावे लागते. समोरून सरळ अंगावर येणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्यांना नीट मोजता येत नाही, म्हणून फलंदाज पिचरच्या हातावरून अंदाज बांधतो. हात १५० चा आणि चेंडू १३५ चा असेल, तर साध्या गणिताने, वेगवान चेंडू पोचला असता त्या क्षणी हा चेंडू अजून दीड मीटरहून जास्त मागे असतो. बॅट फिरून जाते आणि चेंडू मागाहून येतो. शिवाय हवेत जास्त वेळ राहिल्याने तो वीतभर अधिक खाली उतरलेला असतो. त्यातच वेगवान चेंडूला वर धरून ठेवणाऱ्या उलट्या फिरकीचा आधारही कमी पडतो. उजव्या हाताच्या पिचरचा असा चेंडू डावखुऱ्या फलंदाजापासून बाहेर सरकतो, म्हणूनच तो डावखुऱ्यांविरुद्ध विशेष वापरला जातो.

क्रिकेटमधल्या स्लोअर वनशी याचे नाते आहे, पण ते सख्खे नाही. शेजारच्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात वापरलेला नकल बॉल (बोटांच्या टोकांनी धरून जवळजवळ न फिरवता सोडायचा चेंडू) तर बेसबॉलमधूनच आलेला. मात्र क्रिकेटचा चेंडू सहसा टप्पा घेतो, त्यामुळे फसलेल्या फलंदाजालाही सावरायला क्षणभर मिळतो. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही. मला विचाराल तर याच्या जवळची गोष्ट आपल्या खो-खोत आहे. धावणारा पूर्ण अंगाने एका बाजूला झुकतो आणि पाठलाग करणारा तिकडे फसतो, त्याला आपण हूल म्हणतो. अर्ध्या मनाने दिलेल्या हुलीला मात्र कोणी भुलत नाही. अनुवादच हवा असेल, तर ‘हळू चेंडू’ऐवजी ‘हुलीचा चेंडू’ म्हणावे.

या चेंडूचे मोल कळायला अमेरिकन पिचर ट्रेव्हर हॉफमन याचे उदाहरण पुरेसे आहे. १९९४ मध्ये खांदा दुखावल्यावर त्याच्या वेगवान चेंडूतला दम ओसरला. दुसरा कोणी घरी बसला असता. त्याने एका सहकाऱ्याकडून तळहातात खोल धरायचा चेंज-अप उचलला, तो वर्षानुवर्षे घोटला आणि सामन्याच्या अखेरीस आघाडी राखण्याच्या कामात कारकिर्दीत ६०१ ‘सेव्ह’ नोंदवले. २०११ मध्ये मारियानो रिव्हेरा या पिचरने मागे टाकेपर्यंत तो विक्रम त्याच्याच नावावर होता. पेद्रो मार्टिनेझ या दुसऱ्या नामवंत पिचरची गोष्ट वेगळी: त्याच्याकडे अस्सल वेग होता आणि त्याच हाताच्या झटक्यातून सर्कल चेंजही येत असे, त्यामुळे फलंदाजाला एकाच वेळी दोन्हींची धास्ती बाळगावी लागे. आधी वेगाची धास्ती नसेल, तर चेंज-अप हा फलंदाजाला दिलेला प्रसादच ठरतो.

आमच्याकडची मुले नेमकी इथे अडतात. ‘हळू टाक’ म्हटले की हात मंदावतो, खांदा उघडतो, चेंडू छातीच्या उंचीवर तरंगत येतो आणि कुंपणापार जातो. मी मग ‘हळू’ हा शब्दच मैदानावर बंद केला आणि फक्त पकड बदलून पूर्ण जोराने फेकायला सांगू लागलो. लहान बोटांना सर्कल जमत नाही. त्यांच्यासाठी तीन बोटांची पकड सोपी पडते. मनगट आणि कोपर पिळून वळवायच्या चेंडूंच्या आधी मुलांना सरळ वेगवान चेंडू आणि चेंज-अप हेच दोन शिकवावेत, असा अमेरिकेतल्या जाणकारांचाही सल्ला असतो. सुट्टीतल्या शिबिरांत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ‘कर्व्ह’ हा असाच वळणारा चेंडू शिकवण्याची जी घाई दिसते, ती म्हणूनच मला खटकते.

आपल्या प्रतिनिधीने पुढच्या वेळी छायाचित्र छापताना पिचरच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या चेंडू धरलेल्या बोटांचे छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
गंगापूर रोड, नाशिक