निद्रारोगाच्या औषधांविषयी

राजारामपुरी, कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सुहासला काँगोत नोकरी लागल्यापासून तुम्ही दोघांनी निद्रारोगाची धास्ती घेतली आहे आणि फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाबा, पशुवैद्यकीय दवाखान्यात तुम्ही जनावरांना होणारा सर्रा हा रोग पाहिला आहे. निद्रारोगाचा परजीवी त्याच कुळातला, त्सेत्से माशीच्या चाव्यातून माणसाच्या रक्तात येणारा आणि पुढे मेंदूत शिरणारा. सर्राचा परजीवी माणसाला सहसा बाधत नाही, तरी २००५ च्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला तो बाधला आणि सुरामिन या जुन्या औषधाने तो बरा झाला.

परंतु सुरामिन मेंदूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. परजीवी मेंदूत शिरल्यानंतरच्या अवस्थेसाठी १९४९ मध्ये मेलार्सोप्रोल हे आर्सेनिकयुक्त इंजेक्शन आले, आणि बाबांच्या मनातली भीती त्याचीच आहे. ते शिरेत आग करीत जाई, आणि उपचार घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे पाच जण औषधानेच दगावत. उपचाराविना मृत्यू जवळपास ठरलेला असल्यामुळे डॉक्टरांना हे जाणूनही ते टोचावे लागे. औषधशास्त्र शिकवताना या भागाशी आले की मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

पुढे २००९ मध्ये निफर्टिमॉक्सच्या गोळ्या आणि एफ्लॉर्निथिनचे सलाईन अशी जोडी मिळाली व आर्सेनिक मागे पडले, मात्र सात दिवस रुग्णालयात राहावे लागे. खरा बदल घडवला तो फेक्सिनिडाझोलने. २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाच्या गोळ्या, काँगोत आढळणाऱ्या प्रकारासाठी, दहा दिवस रोज एकदा घ्यायच्या असतात, त्याही जेवणाबरोबरच, कारण रिकाम्या पोटी औषध अंगी लागत नाही. मेंदूतला आजार फार बळावला असेल तर अजूनही सलाईनचाच आधार घ्यावा लागतो, म्हणून निदान लवकर होणे महत्त्वाचे. २०१८ पासून जगभरात वर्षाला हजाराहून कमी रुग्णांची नोंद होत आहे.

आई, या रोगावर लस नाही, तेव्हा सुहासमागे त्यासाठी लागू नकोस. त्याने अंगभर, जाड व फिकट रंगाचे कपडे घालावेत, आणि ताप वारंवार येऊ लागला तर, परत आल्यावर काही महिन्यांनी आला तरीही, आपण काँगोत होतो हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.

तुमची,
मृणाल