पाणबुडीच्या निवृत्तीचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन स्वदेशी हल्लेखोर पाणबुड्यांना 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिली, याचा मनापासून आनंद आहे. रशियाकडून भाडेतत्त्वावर घेतलेली 'चक्र' 2012 मध्ये नौदलात आली आणि 2021 मध्ये परत गेली. तिच्या शेवटाची चिंता आपल्याला नव्हती. आता ती आपल्यालाच वाहावी लागेल.

ब्रिटनची पहिली अणुपाणबुडी 'ड्रेडनॉट' 1963 ते 1980 अशी जेमतेम 17 वर्षे सेवेत होती. इंधन काढल्यावरही तिचा सांगाडा स्कॉटलंडमधील रोसाइथच्या गोदीत 40हून अधिक वर्षे पडून राहिला. अणुभट्टीजवळचे किरणोत्सारी पोलाद ठेवायचे कुठे, हेच वर्षानुवर्षे ठरेना. अमेरिकेने मात्र भट्टीचा अख्खा कप्पा कापायचा, दोन्ही टोके पोलादाने बंद करायची आणि हॅनफर्ड या अणुकचरा साठवण्याच्या जागेतील खंदकात नेऊन ठेवायचा, ही पद्धत 1986 पासून बसवली.

आपल्या पाणबुड्या तीसेक वर्षांनी थकतील. त्यांचे कप्पे कुठे जाणार आणि तो खर्च कोणत्या तरतुदीतून होणार, हे संरक्षण मंत्रालयाने बांधणी सुरू होण्याआधीच ठरवावे आणि जागेजवळच्या रहिवाशांनाही विश्वासात घ्यावे.

– एक वाचक, रत्नागिरी