काकूंचं पित्त आणि माझ्या खिशातले दोन सेल

पुणे, 16 जानेवारी

प्रिय अव्या,

चार महिने ना पत्र ना फोन, म्हणून शिव्या घालणार असशील तर घाल, पण आधी हे पुरं वाच. फोनवर सांगितलं असतं तर "काही होत नाही रे" म्हणून तू क्रिकेटवर गेला असतास. माझी शुगर आहे तिथेच आहे. गुडघाही.

काल तिळगूळ द्यायला काकूंकडे गेलो. त्या नुकत्याच आंघोळ करून आल्या होत्या आणि भिंतीला हात लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पित्त झालंय रे. आंघोळ केली की डोकं चढतं, मळमळतं, तासाभराने उतरतं." थंडी पडल्यापासून हे रोज चाललंय. अव्या, पित्त आंघोळीची वेळ बघून येत नाही. शेजारच्या वहिनींनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, 98 आला, म्हणून दोघी निर्धास्त. त्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू चिकटलेलं रक्तही ऑक्सिजनवालंच वाटतं. माणूस गुदमरत असला तरी ते 98 दाखवेल.

मग मी बाथरूम पाहिलं. खिडकीच्या काचपट्ट्यांवर तू दिवाळीत लावलेली प्लास्टिकची शीट, चारी बाजूंनी खाकी चिकटपट्टी, एक सुरकुती नाही. शाळेत वह्यांना कव्हरं घालायचास तशीच. एक्झॉस्टच्या भोकात थर्माकोल. दाराच्या फटीला काकू गार वारं नको म्हणून जुना टॉवेल लावतात. आणि त्या बंद डब्यात गॅस गीझर.

हिशोब मांडतो. तू इंजिनिअर, रागावलास तरी आकडे वाचशील. सहा लिटरचा गीझर म्हणजे साधारण 12 किलोवॅट, शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम पेटवल्यासारखे. तासाला त्याला साधारण 12 घनमीटर हवा लागते. काकूंचं बाथरूम चार बाय सहा, उंची आठ फूट, म्हणजे सगळी हवा साडेपाच घनमीटर. पाच मिनिटांत त्यातल्या एका घनमीटरचा ऑक्सिजन फस्त. हवेतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 18 च्या आसपास आला की गॅस अर्धवट जळतो, ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गीझरच्या वरच्या जाळीवर काजळी होती. बोट फिरवलं, काळं झालं. त्याहून वेगळा पुरावा नको.

सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं, मग पायातलं बळ जातं. कळतं की बाहेर पडायला हवं, पण कडीपर्यंत हात जात नाही. काकू आतून कडी लावतात. घरात दुसरं कोणी नाही.

आठव, हरिश्चंद्रगडावर तंबूची चेन ओढून तू आत रॉकेलचा स्टोव्ह पेटवायला निघाला होतास. दिग्याने तो बाहेर भिरकावला आणि तू अजून त्याच्याकडे स्टोव्हचे पैसे मागतोस! हे तेच आहे, फक्त इंधन बदललंय.

आता माझा गुन्हा. गेल्या वर्षी गीझर बसला तेव्हा मी तिथे होतो. इलेक्ट्रिक घे म्हटलं, तू "वीजबिल तू भरणार का" म्हणालास, मी तोंड फुगवून निघून आलो आणि पुन्हा विषय काढला नाही. तुझ्या हट्टाइतकाच माझा मानही यात आहे.

पण बिलाचं सांगतोच. आंघोळीच्या एका बादलीला साधारण 50 ग्रॅम गॅस लागतो, किंवा अर्धा-पाऊण युनिट वीज. रोजचा फरक एका कटिंग चहाचाही नाही. 15 लिटरचा इलेक्ट्रिक गीझर, 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग. इमारत जुनी आहे, तेव्हा वायरमनला आधी अर्थिंग तपासायला सांगू.

गॅसचाच ठेवायचा असेल तर तो ड्राय बाल्कनीत जाईल आणि बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप येईल. पण बाल्कनीला काचा लावून ती बंद करायची नाही, नाहीतर बाथरूमचंच दुसरं बाथरूम. डक्टमध्येही नको. त्या डक्टमध्ये वरच्या तीन मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, धूर त्यांच्याकडे जाईल. "खिडकी उघडी ठेवू" हा तोडगा मला मान्य नाही. जानेवारीत पहाटे खिडकी कोण उघडी ठेवतं? एक्झॉस्ट फॅनचंही तेच. हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता फिरतो. गीझर कुठेही असो, दर ऑक्टोबरला बर्नर साफ करून घ्यायचा. कोळ्याचं जाळंसुद्धा ज्योत पिवळी करायला पुरतं.

काल डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, त्रास होत असतानाच रक्त तपासायला हवं होतं. मोकळ्या हवेत चार-पाच तासांत ते प्रमाण निम्म्यावर येतं, आम्ही संध्याकाळी पोचलो. आज काकूंनी शेगडीवर पाणी तापवून आंघोळ केली. डोकं चढलं नाही.

तुझी बदली झाली का? चिनूची परीक्षा कधी? वहिनींना नमस्कार, त्यांच्या लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे.

तुझी शीट मी फाडली, थर्माकोल काढला, कडी बाहेरूनही उघडेल अशी बसवून घेतली. काकू रागावल्यात. "अविनाशने एवढ्या मायेने लावलं होतं," म्हणाल्या. येताना गीझरचे दोन्ही सेल काढून खिशात घालून आणले, ते आत्ता माझ्या टेबलावर आहेत. त्यांच्याशिवाय तो पेटत नाही. पण कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तसले सेल मिळतात आणि काकूंना ते ठाऊक आहे. माझं त्या ऐकणार नाहीत. पत्र मिळेल त्याच दिवशी त्यांना फोन कर.

तुझा,
मध्या