आई-बाबा, त्या टॉर्चवाल्या मुलाबद्दल लिहितेय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगता आलं असतं, रोज रात्री साडेनऊला बोलतोच आपण, पण आई तू मधेच विचारतेस जेवलीस का, मग बाबा म्हणतात तिला बोलू दे आधी, आणि जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. असं करत करत दोन वर्षं राहिलं. म्हणून आज लिहायला बसली, पुण्यात रात्रीचे पावणेबारा वाजून राहिलेत, उद्या मोठ्या अक्षरात प्रिंट काढून कुरिअर करते म्हणजे बाबांना चष्मा शोधावा लागणार नाही. एक करा, दोघं सोबत बसून वाचा. एकाने वाचून दुसऱ्याला सांगायचं असं नको.

तुम्हाला नागपूरचा २०२३ चा तो पूर आठवतो ना. म्हणजे आठवतो काय, भिंतीवरची ओल अजून गेली नाही. २२ सप्टेंबरला महालक्ष्म्यांचं जेवण झालं, आईने सोळा भाज्या, आंबील, पुरणाच्या पोळ्या सगळं केलं, मला सुट्टी मिळाली नाही म्हणून व्हिडिओ कॉलवर दाखवलं, आणि त्याच रात्री चार तासात १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहायला लागला आणि आपल्या लेआऊटमधे नाग नदी शिरली. पहाटे चारला आईचा फोन आला, दारातून पाणी आत येऊन राहिलं एवढंच कळलं आणि कट झाला. त्यानंतर दोघांचेही फोन बंद. मी काकाला लावला, शेजारच्यांना लावला, कंट्रोल रूमला लावला, कोणाचाच लागेना. पुण्यातल्या फ्लॅटमधे मी एकटी फरशीवर बसलेली, आणि मग माझ्या बोटांनी एक नंबर डायल केला जो मी २०१७ मधे फोनमधून डिलीट केला होता पण डोक्यातून कधी गेला नव्हता.

दुसऱ्या रिंगला उचलला. साडेसहा वर्षांनी. मी हॅलोसुद्धा नाही म्हटलं, आईबाबा घरात अडकलेत एवढंच म्हटलं. तो म्हणाला, पत्ता तोच आहे ना? निघतो.

इंदोऱ्याहून सदर, लॉ कॉलेज चौक करत शंकरनगरपर्यंत गाडीवर आला, पुढे गाडी चालेना म्हणून ती तिथेच लावून चालत, आधी गुडघाभर मग कमरेपर्यंत पाणी. बाबा, तुम्ही ज्याला अजून टॉर्चवाला पोट्टा म्हणता तो हाच. तुम्ही जिन्यात बसले होते आणि तुमची बीपीची गोळी खालच्या कपाटात राहिली होती, ती ज्याने आत जाऊन आणली तो. नंतर बोट आली तेव्हा आधी शेजारच्या आजींना जाऊ द्या म्हणणारा तो. तुम्ही नंतर किती लोकांना सांगितलं, भला पोट्टा होता, नाव विचारायचं राहूनच गेलं. मला तर कितीदा विचारलं तुझ्या ऑफिसातल्या मित्राचा भाऊ होता ना तो, त्याचा नंबर दे, टॉर्च परत करायची आहे. मी दरवेळी विषय बदलला. ऑफिसातल्या मित्राचा भाऊ ही गोष्ट मीच त्याला सांगायला लावली होती. त्याला ते आवडलं नव्हतं, त्या परिस्थितीतसुद्धा तो म्हणाला खोटं कशाला, पण मला भीती होती की खरं ऐकलं तर तुम्ही पाण्यातसुद्धा त्याचा हात धरणार नाही. असा विचार मी माझ्या आईबाबांबद्दल केला. त्याबद्दल मला माफ करा.

आणि आई, तू. पाणी चढत होतं, महालक्ष्म्या हलवायच्या होत्या, विसर्जन दुसऱ्या दिवशी होतं पण दुसरा दिवस येईल की नाही माहीत नव्हतं. तू अक्षता वाहिल्या, दोन्ही मुखवटे तुझ्या लग्नाच्या शालूत गुंडाळले आणि त्याच्या हातात दिले, म्हणालीस, बेटा सांभाळून ने रे. तो छातीशी धरून घेऊन गेला वर. त्याने मला हे खूप दिवसांनी सांगितलं आणि सांगताना गप्पच झाला, कारण त्याच्या घरात देव नाहीत, त्याचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, पण तो म्हणाला तुझी आई ज्या हातांनी देत होती ना, ते मी कसं नाही धरणार. तू त्याला काही विचारलं नाहीस आई. नाव नाही, गाव नाही. मला रोज आठवतं ते.

२०१७ मधे तुम्ही त्याचा फोटोसुद्धा बघितला नव्हता. मी आडनाव सांगितलं आणि बाबांनी पेपरची घडी करून टेबलवर ठेवली आणि उठून गेले, बस, तेवढंच झालं होतं घरात. ओरडणं नाही, मारणं नाही. मग पंधरा दिवसांनी बाबांची अँजिओप्लास्टी, आणि आयसीयूच्या बाहेर आईने माझा हात धरून म्हटलं, यांना काही झालं तर मी तुला काही म्हणणार नाही, पण तू स्वतःला माफ करू शकशील का. मी एकवीस वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी मी फुटाळा तलावावर त्याला भेटून सांगितलं की थांबवू या. त्याने एकदाच विचारलं, तुला असं वाटतं की तुला करावं लागतंय? मी म्हटलं, मला वाटतं. ते खोटं होतं. तीन वर्षं मी त्याच्यासोबत होते आणि पाच मिनिटात उठून आले. मला राग होता तुमच्यावर, अजूनही थोडा आहे, पण सगळा तुमच्यावर ढकलणं बरोबर नाही, तोंड उघडायचं माझं काम होतं आणि मी उघडलं नाही.

आता तीसबद्दल. पुढच्या महिन्यात १४ तारखेला मी तीस वर्षांची होईन, आणि गेली तीन वर्षं आपल्या घरात हा आकडा परीक्षेच्या तारखेसारखा आहे. आई, तुझा जीव तुटतो ते मला दिसतं. मावशी विचारते, भिशीतल्या बायका विचारतात, बायोडाटामधे वय बदलायला लागलं की तुझा आवाज बारीक होतो. जे जे मुलं बघायला आले त्यांना मी भेटले, मनापासून भेटले, दोघं तर खरंच चांगले होते. आणि मलासुद्धा भीती वाटली, रात्री झोप यायची नाही, वाटायचं सगळ्यांचं झालं, मीच राहिले. म्हणूनच त्याच्यासोबत परत बोलणं सुरू झालं तेव्हा मी सगळ्यात आधी स्वतःवरच संशय घेतला, की मी याच्याकडे जुनं प्रेम म्हणून जाऊन राहिली आहे की तीस येतंय म्हणून.

हे मी त्याला तोंडावर विचारलं. २०२३ च्या डिसेंबरात घरी आले होते तेव्हा, कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खात होतो, थंडी होती, दोघांच्याही हातात गरम प्लेट. तो म्हणाला, घाबरून येत असशील तर नको येऊस, मी आता बावीसचा नाही, परत एकदा मधेच उठून गेलीस तर मला झेपणार नाही. मग आम्ही ठरवलं की तीन महिने बोलायचंच नाही. मेसेज नाही, स्टेटस बघणं नाही. त्या तीन महिन्यात मी तुम्ही दाखवलेल्या एका मुलाला भेटले पण. छान होता. घरी येताना मला त्या मुलाला काय सांगायचं यापेक्षा हे सगळं याला कधी सांगते असं झालं होतं.

बाबा, तुम्ही काटोलचं वावर विकेपर्यंत दर वर्षी मला बागेत न्यायचे आणि सांगायचे की संत्र्याचं पाणी तोडावं लागतं, अंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत ताण द्यायचा, मृगाचा धरायचा तर मे महिन्यात, पानं जरा मलूल झाली की पाणी सोडायचं, मग फूल येतं. आणि हेही सांगायचे की ताण जास्त झाला तर झाडच जातं, म्हणून रोज बांधावर जाऊन पान हातात घेऊन बघावं लागतं. मी खूपदा विचार करते याचा. आमच्या ताणाला साडेसहा वर्षं झाली आणि कोणी बघायलाच गेलं नाही, ना मी, ना तो, ना तुम्ही. तरी झाड जिवंत निघालं.

तो कोण आहे, काय करतो हे तुम्ही विचारालच. शाळेत गणित शिकवतो. चार वर्षं स्पर्धा परीक्षेत गेली, दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला, झालं नाही, मग बी.एड. केलं. पगार माझ्यापेक्षा कमी आहे, हे आधीच सांगते म्हणजे नंतर कोणी दुसऱ्याने सांगितलं असं नको. बाप नाही, आई आहे. मागच्या वर्षी दसऱ्याला मी त्यांच्यासोबत दीक्षाभूमीला गेले. नागपुरात वाढले, आपल्या घरापासून ते काही लांब नाही, आणि मी दसऱ्याला कधी त्या गर्दीत गेलेच नव्हते, आपल्याकडे तर म्हणायचे आज तिकडून जाऊ नका रस्ता बंद असतो. लोक कुठून कुठून आलेले, रस्त्यावर जागोजागी जेवण वाटणं सुरू, त्याच्या आईने माझ्या हातात डाव दिला आणि म्हटलं तू भाजी वाढ. दुपारभर वाढली मी. तुम्हाला फोनवर सांगितलं होतं मैत्रिणीकडे आहे. हे शेवटचं खोटं, यानंतर नाही.

आम्ही लग्न करणार आहोत. स्पेशल मॅरेज ॲक्टने, नागपुरातच. आधी नोटीस द्यावी लागते, ती ३० दिवस ऑफिसच्या बोर्डवर लागते, कोणीही वाचू शकतं, म्हणून नोटीस अजून दिली नाही, कारण माझं नाव तुम्हाला कोणा नातेवाईकाने बोर्डवर वाचून सांगावं हे मला नको होतं. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. एक त्याची आई. दोन नावं मी कोणालाच विचारली नाहीत.

परवानगी मागत नाही आहे, आई, हे वाचून तुला लागेल मला माहीत आहे. ठरलं आहे. पण तुम्ही नसले तर मला ते अर्धं वाटेल, हे पण तेवढंच खरं आहे. बाबांच्या छातीत धडधड होत असेल तर इथे थांबा, गोळी घ्या, पाणी प्या, पुढचं उद्या वाचा. बाबा, तुमच्या तब्येतीवरून मी या वेळी मागे फिरणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांच्या प्रत्येक अपॉइंटमेंटला मी येईन आणि तुम्ही येऊ दिलं तर तोही येईल.

त्याचं नाव मी या पत्रात लिहिलं नाही. तुमचं विचारायचं राहिलं होतं ना, तर ते तुम्हीच विचारा, तो सांगेल.

मी २२ तारखेला शनिवारी वंदे भारतने येते, संध्याकाळी अजनीला उतरेन, बाबा घ्यायला येऊ नका, मेट्रोने येते. रविवारी दुपारी चारला त्याला घरी बोलावलं आहे. आई, पुरणपोळी वगैरे काही नको करूस, चहा कर फक्त. आणि बाबा, ती टॉर्च फ्रिजवर आहे ना, तुम्ही दर महिन्याला चार्ज करून ठेवता ती. रविवारी त्याला तुमच्या हातानेच परत द्या.

तुमची,
ताई