सिस्टर, ‘काही होत नाही’ असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत

सप्रेम नमस्कार सिस्टर,

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात सल्लागारांची रांग लागते. ‘हल्ली दुर्बिणीतून करतात, काही होत नाही’ म्हणणारे एकीकडे. ‘रोज तासभर चाल की, धडधाकट पोट कशाला कापून घ्यायचं’ म्हणणारे दुसरीकडे. दोघांचंही ऐकून पेशंटची छाती धडधडायची थांबत नाही, कारण त्याच्या प्रश्नाला दोघांनीही हात लावलेला नसतो. तो प्रश्न तुम्ही विचारता: ‘भीती वाटते, पण नेमकी कशाची?’ त्यासाठीच हे जाहीर आभार.

कागदोपत्री तुम्ही बॅरिअ‍ॅट्रिक विभागाच्या समन्वयक. तपासण्यांच्या तारखा लावणं, विम्याची फाईल पुढे सरकवणं, एवढंच तुमचं काम. पण पहिल्याच भेटीत तुम्ही पेशंटच्या हातात कोरा कागद देता आणि एका ओळीत एकच भीती लिहायला सांगता. ‘भुलीतून जाग आली नाही तर.’ ‘मध्येच जाग आली तर.’ ‘आतले टाके सुटले तर.’ ‘पुढे कधीच पोटभर जेवता येणार नाही.’ आणि बहुतेक वेळा सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: ‘तिथला गाऊन मला पुरणार नाही.’ मग प्रत्येक ओळीपुढे तुम्ही लिहिता, हे सर्जनला विचारायचं, हे भूलतज्ज्ञांना, आणि हे आपण आजपासून करायचं. भीतीचं गाठोडं सुटं झालं की ते उचलता येतं.

मरणाचा प्रश्नही तुम्ही टाळत नाही. अनुभवी केंद्रात या ऑपरेशनमध्ये मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या जवळपास. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि उरलेल्या नळीला स्टेपलरच्या टाचण्यांची लांब रेघ असते. तिथून गळती होण्याचं प्रमाण शेकडा एकाच्या आगेमागे. यानंतर तुम्ही जे सांगता ते आकड्यांपेक्षा जास्त कामी येतं. गळती ओळखायची कशी? नाडी 120 च्या वर जाऊन तिथेच राहते, ताप येतो, पोटातली कळ वाढत जाते. म्हणून ऑपरेशननंतर कुणीतरी सारखं नाडी बघून जातं. हे माहीत असलेला पेशंट रात्री दोन वाजता उठवल्यावर घाबरत नाही, हात पुढे करतो.

ऑपरेशनआधीच्या दोन आठवड्यांच्या आहाराचंही तसंच. 800 ते 1000 कॅलरी, पिष्ट पदार्थ कमी, प्रथिनं भरपूर, पाणी दोन लिटरच्या वर. बहुतेकांना हा आहार म्हणजे शिक्षा वाटतो. तुम्ही कागदावर यकृत काढून दाखवता. त्याचा डावा भाग जठरावर झाकणासारखा बसलेला असतो आणि सर्जनला तो उचलून धरून त्याखाली काम करायचं असतं. चरबीने फुगलेलं यकृत जड आणि ठिसूळ असतं, उचलताना रक्त येतं, कधी कधी मागचं काही दिसतच नाही आणि ऑपरेशन अर्धवट थांबवावं लागतं. पिष्ट पदार्थ कमी केले की यकृतात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरलं जातं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही उतरतं. हे कळल्यावर ताकाचा ग्लास आणि मुगाचं कढण म्हणजे स्वतःच्या ऑपरेशनमधला स्वतःचा वाटा होतो, आणि हाताला काम मिळालं की डोक्यातली चक्रं जरा थांबतात.

आपल्याकडची खास गडबडही तुम्ही आधीच सांगून ठेवता. ‘कमी खायचं’ म्हटलं की लोक उपवासाला लागतात, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, रताळ्याचा कीस. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर दाण्याचं कूट आणि तूप. यकृताच्या दृष्टीने ही मेजवानीच. दुसरी गडबड ‘शेवटचं जेवण’. आता पुन्हा मिळणार नाही म्हणून मिसळ, पुरणपोळी, तांबडा-पांढरा असे निरोपसमारंभ रंगतात. तुम्ही रागावत नाही. काही महिन्यांनी यातलं बरंच काही दोन-चार घास खाता येतं, तेव्हा निरोप कुणाला देताय, एवढंच विचारता.

सगळ्यात मोलाची गोष्ट मधुमेहाच्या पेशंटना सांगता. हात थरथरणं, घाम, धडधड, उगाच रडू येणं, ही भीतीची लक्षणं आणि साखर उतरल्याचीही. कमी खाणं सुरू झालं आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीइतकंच राहिलं, तर साखर कोसळते. घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेतलंय.’ तुमचा नियम असा की आधी ग्लुकोमीटर, मग धीर. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि डॉक्टरांना फोन. औषधांचे डोस आहार सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्यायचे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण साखर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोन साठून आम्लता वाढते. मळमळ आणि धाप लागते, तीही भीतीच्या खात्यावर टाकली जाते. आणि वजनासाठी आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांपासून लपवायचं नाही. त्याने जठर सावकाश रिकामं होतं, उपाशी राहूनही आत अन्न उरू शकतं आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

झोप लागत नाही म्हणून शेजारच्या काकूंकडून अल्प्राझोलमची, म्हणजे चिंता कमी करून गुंगी आणणारी, अर्धी गोळी आणणं हा तर ठरलेला प्रकार. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला अशी गोळी घशाचे स्नायू आणखी सैल करते. पुढे भूल आणि वेदनाशामकांची त्यात भर पडते. म्हणून आपल्या मनाने एकही गोळी नाही. मात्र मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली रोजची गोळी ‘आता ऑपरेशन आहे’ म्हणून एकदम बंदही करायची नाही, फक्त यादीत लिहायची. मानसोपचाराच्या भेटीला लोक परीक्षेसारखे जातात आणि नापास व्हायच्या धास्तीने सगळं छान असल्याचं सांगतात. रात्री उठून खाणं, दारू, उदासपणा हे तिथेच सांगायचं असतं, कारण ऑपरेशननंतर हेच डोकं वर काढतं. मिश्री लावणाऱ्या बायकांना तर तंबाखूच्या प्रश्नावर ‘नाही’ म्हणायची सवयच असते. तुम्ही ‘मिश्री?’ असं वेगळं विचारता.

गोळीऐवजी तुम्ही श्वास देता, तोही नेहमीच्या उपदेशाच्या उलट. ‘दीर्घ श्वास घे’ म्हटलं की घाबरलेला माणूस भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि तो आणखी घाबरतो. तुमचा भर सोडण्यावर. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं. फुप्फुसांच्या व्यायामाचा तीन चेंडूंचा स्पायरोमीटरही असाच उलटा वापरला जातो. लोक त्यात फुंकतात, आणि तो तर ओढायचा असतो. तिन्ही चेंडू झटक्यात उडवण्यापेक्षा एक चेंडू सावकाश वर धरून ठेवलेला बरा. जागेपणी तासाला दहा वेळा. हे आधीच शिकायचं, कारण पोटावर टाके असताना नवीन काही शिकायला जमत नाही.

बारीकसारीक गोष्टींतच माणूस ढासळतो, हे तुम्हाला बरोबर ठाऊक आहे. सकाळी थिएटरच्या दारात कुणीतरी म्हणतं, ‘मंगळसूत्र काढा’, आणि इतके दिवस धीराने वागलेली बाई तिथे रडू लागते. तुम्ही आठवडाभर आधी सांगता की कॉटरीमुळे, म्हणजे रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणामुळे, धातूपाशी भाजण्याचा धोका असतो, म्हणून अंगावर धातू नको. जोडवी आणि अंगठ्या साबण लावून घरीच काढायच्या, नेलपॉलिश पुसायचं. मंगळसूत्र घरच्या देवापाशी ठेवून यायचं. मोठ्या मापाचा गाऊन आदल्या दिवशीच खाटेवर ठेवलेला असतो, त्यामुळे कागदावरची ती शेवटची ओळ कुणाला मोठ्याने वाचावीच लागत नाही. आणि रक्तदाबाचा पट्टा! जाड दंडाला नेहमीचा पट्टा लावला की आकडा खोटाच चढतो. पेशंट तो बघून घाबरतो, मग खराही चढतो. तुम्ही रुंद पट्टा मागवून, पाच मिनिटं बसवून मगच मोजायला लावता.

थिएटरचंही तुम्ही क्रमाने सांगता. आत गारठा असतो. खांद्यांखाली चादरींचा उतार करतात, कान आणि छातीचं हाड एका पातळीत यावं म्हणून. तोंडावर मास्क घट्ट धरून तीन ते पाच मिनिटं ऑक्सिजन देतात. इथे पुष्कळांना गुदमरल्यासारखं होतं. पण आडवं झाल्यावर जाड माणसाच्या फुप्फुसांत ऑक्सिजनचा साठा कमी राहतो आणि लवकर संपतो, म्हणून ही बेगमी. सुरुवातीला मास्क स्वतःच्या हाताने धरू द्या, असं भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी सांगून ठेवता येतं, हे तुमच्याशिवाय कोण सांगतं? मग दुधासारखं पांढरं औषध शिरेतून जाताना हात काही क्षण चरचरतो. पुढचं आठवतं ते थेट कुणीतरी नावाने हाक मारताना, घसा खवखवत असताना, पोटऱ्यांवरचे पट्टे फुगत आणि सैल होत असताना. ते पट्टे रक्ताची गाठ होऊ नये म्हणून, आणि त्याच कारणाने संध्याकाळपर्यंत चालवतातही.

खांदा दुखेल, हे आधी सांगितल्याबद्दल तर वेगळे आभार. पोट फुगवायला भरलेल्या वायूने छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाची नस चाळवते आणि वेदना खांद्यात जाणवते. न सांगितलेला माणूस तिला हृदयविकाराचा झटका समजतो. पण छातीवर दाब आणि धाप असेल तर ‘गॅस असेल’ म्हणून गप्प बसायचं नाही, हेही तुम्ही त्याच दमात सांगता.

आणि बाहेर बसलेली माणसं. आठला आत नेलं आणि दहा वाजून गेले तरी निरोप नाही, की कुणी जप सुरू करतं, कुणी जिन्यात जाऊन रडतं. भूल आणि तयारीलाच अर्धा-पाऊण तास, स्लीव्हला एक ते दीड तास, मग जागं होऊन स्थिर होईपर्यंत तास-दोन तास. तुम्ही ही बेरीज घरच्यांना आदल्या संध्याकाळी करून देता, आणि फोन घरातल्या एकाच माणसाने घ्यायचा, बाकीच्यांना त्यानेच कळवायचं, हेही ठरवून टाकता.

एक छोटी विनंती. घरून आणायच्या यादीत सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावतात ते), मास्क आणि वायर आहेच, त्यात एक्स्टेंशन बोर्डही लिहा. खाटेजवळचा सॉकेट बहुधा लांब असतो, आणि पहिल्या रात्री मशीन लागतंच.

तुमचे,
ऑपरेशनच्या यादीतले पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं